दाजींच्या फिन्सची पोच, मुक्काम दुसरबीड

मु. पो. दुसरबीड, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा
दिवाळीच्या सुट्टीतला शेवटचा रविवार

तीर्थरूप शंतनुदाजींच्या चरणी लक्ष्मीकांतचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात जोडलेले असताना लिहिता येत नाही, म्हणून नमस्कार आधी उरकून घेतला आणि मग पेन उचललं.) आपला उजवा गुडघा, आपली शुगर आणि आपल्या सोसायटीच्या पाणी-समितीतला विरोधी पक्ष, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सर्व खुशाल. आपल्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आईच्या, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चिखलीला नीट पार पडलं. दर दोन तासांनी थेंब टाकायला आपण ताईला पंधरा दिवसांची रजा मंजूर केलीत, त्याबद्दल सगळं घर आपलं ऋणी आहे. आई काळा चष्मा लावून ओट्यावर बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना पूर्वीपेक्षा जास्त ओळखते.

आजच्या काळात हे हातानं लिहिलेलं पत्र कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचं असं आहे की डिसेंबरातल्या सहलीसाठी आपण काढलेल्या 'मालवण सागरी मोहीम' या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो, आणि अ‍ॅडमिन आपण आहात. बाकी आम्ही सात जण रोज सकाळी आपले संदेश वाचतो आणि अंगठा दाखवतो. फोन करावा, तर फोनवर आपण बोलता. गेल्या अठ्ठावीस वर्षांत फोनवर माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचलेलं नाही. तेव्हा टपाल खातं हीच एक जागा उरली, जिथं माझं बोलणं संपेपर्यंत आपल्याला थांबावं लागेल. या सोयीचा मी आज पुरेपूर फायदा घेणार आहे. चहा घेऊन बसावं.

तर पहिली गोष्ट म्हणजे, आपण माझ्या पन्नाशीनिमित्त धाडलेले पोहण्याचे फिन्स मिळाले. पोच द्यायला महिना लागला, कारण मधल्या काळात मी ते वापरत होतो. पार्सल आलं त्या दिवशी कुरिअरवाल्यानं बसस्टँडवरूनच फोन केला, "सर, तुम्ही काय मागोलं हे? लंबंबी हाय अन् हलकंबी हाय." मी पोचेपर्यंत स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पाच-सहा माणसांनी पार्सल हातात धरून वजन करून पाहिलं होतं आणि फवारणीच्या पंपाचा नळा असावा यावर सर्वांचं एकमत झालं होतं. घरी येऊन उघडलं. काळे-पिवळे, दोन्ही बाजूंना खाचा, टाचेला पट्टा. आईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि विचारलं, "हे सुपं कोनाचे?" पायात घालायचे आहेत म्हटल्यावर ती शारदेकडे (माझ्या बायकोकडे) वळून म्हणाली, "याले झोप लागते ना रात्रीची?"

मी चोवीस वर्षं इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. उष्ण सागरप्रवाह आणि शीत सागरप्रवाह फळ्यावर लाल-निळ्या खडूनं काढण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नाही. पण आमच्या ओट्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, आणि मी तो आयुष्यात एकदाच पाहिला, तोही पायाचे घोटे भिजतील इतका. अशा माणसाला आपण फिन्स पाठवलेत, सोबत 'फिन्स : निवड व वापर' या नावाची चार टाइप केलेली पानं पाठवलीत, आणि शेवटी 'डिसेंबरपूर्वी सराव आवश्यक' असं लिहून खाली दुहेरी रेघ मारलीत. यातलं प्रेम मला दिसलं. रेघ जास्त दिसली.

आपल्या अधिकाराबद्दल मला तिळमात्र शंका नाही. दोन वर्षांपूर्वी आपण अंदमानात वीस मिनिटं पाण्याखाली होता, त्याचा पुरावा आपल्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेला आहे. (त्या फोटोत आपल्या मागून आपली हवेची टाकी धरून पोहणारा माणूस आपण चौकट करताना कापून टाकलात, पण त्याची चार बोटं टाकीवर राहून गेली आहेत. पुढच्या वेळी जरा आतून कापा.) वीस मिनिटांच्या अनुभवावर चार पानं, म्हणजे पाच मिनिटांना एक पान. मी चोवीस वर्षांच्या अनुभवावर दहावीचं एक गाइड लिहू शकलो नाही.

आता फिन्सविषयी. आपण पहिल्या पानावर लिहिलंत की हे पट्ट्याचे असल्यामुळे मापाचा प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न माझ्या टाचेला उद्भवला. हे पट्ट्याचे फिन्स पाण्यातले जाड रबरी बूट घालून, त्यावर चढवायचे असतात, हे आपल्या चार पानांत कुठंही नव्हतं. आणि बूट पार्सलात नव्हते. अनवाणी पाय घातला, तर पुढे पाय खोक्यातल्या लिंबासारखा गडगडायचा आणि मागे पट्टा टाच कापायचा. मग कवायतीचे पांढरे कॅनव्हास बूट घालून पाहिले, तर पाय निम्म्यावर अडकला आणि तो बाहेर काढायला शारदेला माझ्या पोटावर पाय द्यावा लागला. शेवटी दोन जोड लोकरीचे मोजे घातले. ते जमलं. दुसऱ्या पानावर आपण 'फिन्स घालून चालताना नेहमी मागे-मागे चालावे' असं लिहिलंत, त्याप्रमाणे मी अंगणात मागे-मागे चाललो आणि पाण्याच्या ड्रमवर जाऊन आदळलो. त्याच वेळी शेजारचे वामनराव दूध द्यायला आले होते. त्यांनी किटली खाली ठेवली, माझ्या पायांकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "गुरुजी, रिवर्समदी गेर अडकला का?"

माझ्या स्वभावाप्रमाणे मग मी अभ्यास सुरू केला. फिन्स बगलेत धरून बसनं जालन्याला गेलो. तिथल्या खेळसामानाच्या दुकानदारानं मला बूट म्हणून धावण्याचे काटेरी जोडे दाखवले, मग गुडघ्याच्या पट्ट्या दाखवल्या, आणि शेवटी, मी जातच नाही म्हटल्यावर, एक शिट्टी दाखवली. येताना माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी आमच्याही पुढच्या बीबी गावापर्यंतचं तिकीट काढलं होतं, पण सिंदखेडराजालाच उतरून त्या दुसऱ्या बसची वाट पाहायला लागल्या. घरी आल्यावर मी आपलं तिसरं पान उघडलं. त्यात आपलं ते सुप्रसिद्ध वाक्य आहे, 'पाते जितके लांब तितका वेग अधिक. मी स्वतः लांब पात्याचा पुरस्कर्ता आहे.' आता आपल्यासारखा निवृत्त इंजिनिअर म्हणतो म्हणजे हिशेब केलाच असेल, असं धरून मी फोनवरून दुसरा जोड मागवला. हे पट्ट्याचे नव्हते, बुटासारखा पूर्ण पाय आत जाणारे होते, त्यामुळे टाचेचा प्रश्न मिटला. पातं मात्र माझ्या हाताएवढं लांब. हे फिन्स टाकीबिकी न घेता, एका श्वासात खोल बुडी मारणाऱ्या आणि वर्षानुवर्षं मांड्या कमावलेल्या लोकांसाठी असतात. तसं खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलंही होतं. मी ते नंतर वाचलं. फार उशिरा.

सरावासाठी पाणी कुठलं, हा प्रश्न वामनरावांनी सोडवला. त्यांच्या मोसंबीच्या बागेशी त्यांचं शेततळं आहे, यंदा काठोकाठ भरलेलं. आपण पाहिलेलं नसेल म्हणून सांगतो. हे तळं म्हणजे जमिनीत खणलेला एक मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजू उतरत्या, आणि आतून सगळीकडे काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्याला इकडे 'कागद' म्हणतात. पाणी मुरू नये म्हणून तो कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की माणूस त्यावर उभा राहू शकत नाही. वामनरावांनी मला हे तीनदा सांगितलं. "गुरुजी, कागदावर पाय टिकत नाही. त्या कोपऱ्यात दोरी बांधेल हाय, तिथूनच उतरा अन् तिथूनच चढा. पोहता येते ना पन तुमाले?" मी म्हणालो, येते. लहानपणी पाठीला डबा बांधून मी विहिरीत चार फेऱ्या मारल्या होत्या. त्यानंतर डबा सुटला आणि मी शिक्षणाकडे वळलो.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला आम्ही सगळे तळ्यावर गेलो. मी, शारदा, वामनराव, ताई आणि आई. आई कशाला, असं आपण विचाराल. दहाला तिच्या थेंबांची वेळ होती, ताई माझा पराक्रम पाहायचा सोडायला तयार नव्हती आणि आई ताईला सोडायला तयार नव्हती, म्हणून वामनरावांनी आईला खुर्चीसकट बैलगाडीत घालून आणलं. तळ्याच्या बांधावर मोसंबीच्या सावलीत काळा चष्मा लावून ती बसली होती, अगदी कोणी निरीक्षक तपासणीला यावा तशी.

मी दोरीच्या कोपऱ्यातून उतरलो. पहिलं एक मिनिट आपल्या तिसऱ्या पानाची शब्दशः सत्यता पटवणारं होतं. पाय हलवला की मी कुठल्या कुठे. मला इतका आनंद झाला की मी पाण्यातून वर मान काढून सगळ्यांना हात केला. पाणी गार होतं, वर निळं आभाळ होतं, पुण्याहून कोणाचाही फोन येण्याची शक्यता नव्हती. मी तळ्याच्या मध्यावर पोचलो. आणि तिथं माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. ज्यानं हा गोळा कधी अनुभवला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं अनुभवला त्याला सांगायची गरज नाही. पायाला एवढं मोठं पातं लावलेलं, पाय आखडलेला, आणि दुसरा पाय हलवला की मी जागच्या जागी गरगर फिरतोय. कसाबसा हातांनी पाणी ओढत काठाला लागलो, पण तो काठ दोरीचा नव्हता, समोरचा होता. कागदाला हात लावला, हात घसरला. पाय टेकवायला गेलो, तर पातं कागदावरून असं सरकलं की मी होतो त्याहून दोन हात मागे गेलो. पुन्हा आलो, पुन्हा घसरलो. चौथ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं.

दाजी, इथवर मी आपली थट्टा करत होतो, पण पुढच्या अर्ध्या मिनिटाची थट्टा मला करता येत नाही. काठ हातभर अंतरावर होता. शारदा त्यावर उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, पण मला ऐकू येत नव्हतं. वामनराव दोरीसाठी पलीकडे धावत सुटले होते आणि तळं चौकोनी असल्यामुळे त्यांना दोन बाजू धावायच्या होत्या. मला एवढंच वाटलं की हे फारच हास्यास्पद कारण आहे, आणि माझ्या शाळेत शोकसभेला मुख्याध्यापक काय बोलतील.

तेवढ्यात माझ्या उजव्या बाजूला धप्पकन आवाज झाला आणि पाणी तोंडावर उडालं. ताई पाण्यात होती. पंजाबी ड्रेस, गळ्यात ओढणी, मुठीत आईच्या थेंबांची बाटली. (बाटली तळ्याच्या तळाशी आहे. नवी चिखलीहून आणली.) तिनं मागून माझ्या बनियनला धरलं आणि कानाशी ओरडली, "पाय हालवू नको! गप उताना पड. लक्ष्या, आयकू येते का तुले?" दाजी, आपण अठ्ठावीस वर्षं पुण्यात घासूनपुसून लख्ख केलेली तिची भाषा एका डुबकीत धुऊन निघाली. मी गप उताणा पडलो. तिनं बुडी मारली, माझ्या पायातले दोन्ही फिन्स ओढून काढले, वर आली आणि मला बनियनला धरून तळ्याच्या आडव्या अंगानं दोरीपर्यंत ओढत नेलं. वामनरावांनी मला वर घेतलं. शारदा माझ्या पाठीत बुक्क्या मारत होती. त्यातल्या पहिल्या काही पाणी काढण्यासाठी होत्या.

आणि ताई वर आली नाही. घाबरू नका, ती वळली आणि पुन्हा पोहत तळ्याच्या मध्यावर गेली. तिथून पलीकडे, पलीकडून परत. आम्ही सगळे बघत होतो. आई तेवढी सावलीतून म्हणाली, "मधी हाय ना ते? आवाजावरूनच समजलं मले."

आपल्याला हे माहीत नसावं. आमच्या लहानपणी गल्लीतल्या कोणाची कळशी किंवा बादली विहिरीत पडली की लोक गळ शोधत नसत, मधीला, म्हणजे आमच्या ताईला, हाक मारत. ती परकर खोचून पायऱ्यांवरून सूर मारायची आणि कळशीचा काठ धरून वर यायची. तेरा वर्षांची असताना तिनं एकदा एका सुट्टीत अकरा भांडी काढली होती. माझ्या पाठीला डबा तिनंच बांधला होता. मग तिचं लग्न झालं, आपण तिला महाबळेश्वरला नेलंत, तळ्यात नावेत बसताना ती 'नको' म्हणाली, कारण शालू नवा होता आणि नावेच्या तळाशी पाणी साचलं होतं. त्या दिवसापासून आपण प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि सोसायटीच्या सहलीत सांगत आलात की, 'आमच्या हिला पाण्याची फार भीती.' ती हसायची. आम्ही पण हसायचो. आपल्याला दोष देत नाही. (देतोय. पण निम्मा माझा आहे. बहीण माझी, कळशा मी मोजल्या होत्या, आणि मीही विसरलो होतो.)

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्याला फोन केला होता, तो आठवत असेल. आईला नीट ऐकू जावं म्हणून तो मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे वामनरावांपर्यंत सगळ्यांनी ऐकला. तळ्याचं तिनं काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, "मी पण उतरू का हो मालवणला पाण्यात?" आपण मनापासून हसलात. म्हणालात, "अगं, यादी कधीच फायनल झाली. डायव्हिंग, स्नॉर्केलिंग आणि फक्त बोट, असे तीन रकाने आहेत. तू फक्त बोटमध्ये आहेस. बॅगा कोणी सांभाळायच्या? आणि तुला पाण्याची भीती." ताई म्हणाली, "बरं." फोन ठेवला. वामनरावांनी खाली पाहिलं. ताईनं आईच्या डोळ्यात थेंब टाकले, बाटलीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "लक्ष्या, माझ्या मापाचे शोध."

आणि म्हणून, दाजी, गेले दहा दिवस आम्ही इथं फिन्स निवडतो आहोत. आपली चार पानं आम्ही पूर्ण बाजूला ठेवली. (पूर्ण नाही. त्यातल्या कोऱ्या बाजूवर ताईच्या पावलाचा नकाशा काढला. संध्याकाळी काढला, कारण दिवसभर उभं राहून पाय थोडा फुगतो.) स्नॉर्केलिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत खाली पाहायचं असेल, तर पूर्ण पाय आत जाणारे फिन्स बरे, अनवाणी घालता येतात, बुटांची भानगड नाही. ते हलकेही असतात. मग मी दोन जोड मागवले, एक कडक पात्याचा आणि एक आखूड, मऊ पात्याचा, म्हणजे न आवडलेला परत करता येईल. घरी ताईला खुर्चीवर बसवून, पाय ओला करून फिन चढवला आणि पाय हवेत झटकायला सांगितला. टाच आत हलली नाही आणि बोटं पुढे चेंगरली नाहीत, की माप बरोबर. एवढी साधी परीक्षा आहे. आपल्या चार पानांत तिला एक ओळ मिळाली नाही, कारण त्या चारांपैकी सव्वा पान अंदमानच्या जेवणावर आहे.

वामनरावांनी तोवर तळ्याच्या चारी बाजूंना दोऱ्या बांधल्या आणि त्यांना ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबा लावल्या. ताई रोज सकाळी आईचे आठचे थेंब टाकून तळ्यावर जाते आणि दहाच्या थेंबांना परत येते. कडक पात्यानं ती दोन फेऱ्या झपाट्यानं गेली आणि तिसऱ्या फेरीला मांड्या धरून थांबली. मऊ पात्यानं आठ फेऱ्या झाल्या, दम लागला नाही. पाय गुडघ्यातून नाही, कंबरेपासून हलवायचा, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. मी काठावर बसून म्हणालो, "ताई, पण कडक पात्याला वेग जास्त आहे. दाजी वेगाचे पुरस्कर्ते आहेत." ती ट्यूबला धरून म्हणाली, "मले मासे पाह्यचे हायेत. त्याइच्यासंगं शर्यत नाही लावायची." मऊ ठेवले, कडक परत गेले.

तिला डायव्हिंगही करायचं आहे. त्यासाठी पट्ट्याचे फिन्स आणि रबरी बूट लागतील म्हणून मी सरळ मालवणच्या त्या डायव्हिंगवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, आमच्याकडे सगळ्या मापांचे बूट आणि फिन्स आहेत, तुम्ही बॅगा कशाला भरता? मी म्हणालो, ग्रुपवर सूचना आहे की प्रत्येकानं स्वतःचे आणावेत. मग त्यांनी विचारलं, "पुण्याचे साहेब का? रोज फोन करतात ते?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "त्यांना तेवढं सांगा, टाकी आम्हीच धरणार. त्यात बदल होणार नाही." हा निरोप मी आपल्यापर्यंत जसाच्या तसा पोचवत आहे. डॉक्टरांनी ताईला तपासलं, डायव्हिंगसाठी लागणाऱ्या दाखल्यावर सही दिली. तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला निघाला. मला त्याच खोलीत बसवून त्यांनी माझाही पाहिला आणि मीठ कमी करायला सांगितलं.

माझ्याबद्दल म्हणाल, तर मी डगमगलेलो नाही. एका गोळ्यानं माघार घेणारा मी नव्हे. मालवणला आपल्या खांद्याला खांदा लावून समुद्रात उतरेन आणि सागरप्रवाह उष्ण आहे की शीत, हे स्वतः तपासून नववीच्या वर्गाला सांगेन. आपल्या मार्गदर्शनाशिवाय मी शेततळ्याच्या मध्यापर्यंत कधीच पोचलो नसतो, हे मी कुठेही सांगायला तयार आहे, आणि गावात सांगतोच आहे. शारदा नमस्कार सांगते. वामनराव रामराम सांगतात. आईनं आशीर्वाद सांगितले आहेत आणि विचारलं आहे की जावयाला पोहता येतं का. मी म्हणालो, विचारून कळवतो.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो आपल्या चार पानांपेक्षा मोठा व्हावा एवढीच विनंती.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
लक्ष्मीकांत

ता. क. : खरं काम राहिलंच. त्या यादीत मधुवंतीताईचं नाव 'डायव्हिंग' आणि 'स्नॉर्केलिंग' अशा दोन्ही रकान्यांत घालावं. माझं नाव जिथं आहे तिथून काढून 'फक्त बोट'मध्ये घालावं. वर जे खांद्याला खांदा वगैरे लिहिलं, ते शारदा जवळ बसली होती म्हणून लिहिलं. त्या दिवसापासून अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओततानाही मी नाक धरतो. हे ग्रुपवर घालू नये. (घातलंत तर मला उत्तर देता येणार नाही, हे ध्यानात घ्यावं.) बॅगा मी उत्तम सांभाळेन.

ता. क. आणखी एक : आपले काळे-पिवळे फिन्स परत पाठवत आहे, पण एकच. दुसऱ्यानं आई मांजर हाकलते आणि तो द्यायला तयार नाही.

ता. क. (हे अक्षर माझं आहे, मधुवंतीचं) : अहो, लक्ष्यानं पाकीट चिकटवायला दिलं तेव्हा वाचलं. तो शिक्षक आहे, वाढवून सांगतो. मी त्याला वाचवायला उडीबिडी मारली नाही. धावत गेले तर चप्पल कागदावरून घसरली आणि पडले. आधी फार घाबरले. मग पाणी नाकाशी आलं आणि पाय आपले आपण हलायला लागले. लक्ष्या मध्येच आला म्हणून त्याला धरलं. त्याला दोरीपाशी सोडल्यावर मात्र मला बाहेर यायचं नव्हतं. यादीची काळजी करू नका, मी कालच मालवणला फोन करून ती बदलून घेतली. पहिल्या दिवशी स्नॉर्केलिंगला माझ्या शेजारी तुमचं नाव आहे. टाकी आणि ती धरणारा माणूस नसताना तुम्हाला पाण्यात मी कधी पाहिलेलं नाही, म्हणून शेजारी घातलं. भीती वाटली तर माझा हात धरा. मी कुठल्याही लग्नात सांगणार नाही.